विचारा की! : बेटं, शिडाची बोट, चार मित्र आणि बुंदी

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही चौघं मित्र, सगळे सोलापूरचेच, शाळेपासूनचे. एकाचं टॉवेलचं युनिट आहे, एक बँकेत, एक डॉक्टर आणि मी. पुढच्या वर्षी सगळ्यांची चाळिशी होतीय तर दरवेळी ते गोवा गोवा करण्यापेक्षा एकदाच काहीतरी लई भारी करू म्हणून शिडाची बोट भाड्यानं घेऊन थायलंड नाहीतर सेशेल्सची बेटं फिरायचं डोक्यात आलंय. आठ-दहा दिवस. बोट चालवायचा अनुभव म्हणाल तर संभाजी तलावात पॅडल मारलेलं, बास. आणि माझी बुंदी, गावठी आहे, साडेतीन वर्षाची, १८ किलो, तिला सोडून मी कुठंच जात नाही तर तिला न्यायचंच आहे. परदेशी लोकं बोटीवर कुत्री घेऊन फिरतात ते व्हिडिओत बघतो की ओ आम्ही. मग आम्हाला का जमू नये? कुठून सुरुवात करू सांगा. (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : जमेल की, पण बुंदीशिवाय. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

व्हिडिओतली ती माणसं बोटीवरच राहतात, दोन-दोन तीन-तीन वर्षं. त्यांचा कुत्रा विमानातनं येत नाही, बोट हेच त्याचं घर असतं, आणि तरीही कुठल्या देशात जायचं हे वाऱ्याच्या आधी कुत्र्याच्या कागदांवरनं ठरतं. आपल्याकडे रेबीज आहे, बऱ्याच बेटांवर तो नाही, म्हणून भारतातला कुत्रा म्हटलं की तिथले अधिकारी लगेच सावध होतात. उदाहरण सांगते, कॅरिबियनमधली मार्टिनिक आणि ग्वादलूप ही बेटं फ्रान्सची, म्हणजे नियम युरोपचे. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली ओळख क्रमांकाची बारीक चिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं, त्यात अँटिबॉडी ०.५ युनिटच्या वर आल्या पाहिजेत आणि रक्त काढल्यापासून पुढे अजून तीन महिने वाट. झाले ना चार महिने, तेही सगळं पहिल्या फटक्यात नीट झालं तर. ऑस्ट्रेलिया तर भारतातनं थेट कुत्रा घेतच नाही. थायलंडला नेता येतं, पण आधी त्यांचं परमिट लागतं आणि इथनं निघताना आपल्या ॲनिमल क्वारंटाइनचं, म्हणजे प्राण्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याचं हेल्थ सर्टिफिकेट, त्याचं ऑफिस सोलापुरात नाही, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठायचं. वर १८ किलोची कुत्री काही सीटखाली मावणार नाही, जाताना कार्गो, येताना कार्गो, आणि परत आल्यावर तपासणी आलीच. एवढं सगळं करून तिथं पोचलात की भाड्यानं बोट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या कुत्रा चालणार नाही म्हणतात, आणि ज्या बेटांसाठी माणूस जातो ती बहुतेक मरीन पार्कात, म्हणजे समुद्रातल्या राखीव उद्यानात, तिथं कुत्र्याला किनाऱ्यावर उतरवू देत नाहीत. म्हणजे तुम्ही चौघं पाण्यात डुंबणार आणि बुंदी तापलेल्या डेकवर बसून तुमच्याकडे बघत रडणार. हे तिच्यासाठी का तुमच्यासाठी, सांगा बरं?

आपल्याच देशातलं लक्षद्वीप बघू असं मनात आलं असेल तर तेही नाही. ती बेटं रेबीजमुक्त आहेत, कुत्रा न्यायला बंदी आहे, मांजरं मात्र गल्लोगल्ली दिसतात.

आता चौघांचं. तुम्हाला लायसन्स नाही, तर नुसती बोट कोणी देणार नाही आणि देत असेल तर तुम्हीच घेऊ नका. स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासकट बोट घ्यायची. आणि इथं सगळे फसतात ते ऐका : स्किपरला झोपायला जागा लागते आणि त्याचं जेवण बहुतेक ठिकाणी तुमच्याकडे असतं. चौघांना चार केबिन पाहिजेत म्हणून चारच केबिनची बोट घेतली की एक जण बाहेर सोफ्यावर. कॅटामरान घ्या, दोन बुडांची बोट, ती एका अंगावर कलत नाही, नवशिक्यांचे हाल कमी होतात. डिपॉझिट वेगळं भरावं लागतं ते चौघांत आधीच वाटून घ्या, मागनं बोटीला ओरखडा पडला की दोस्तीला पण पडतो.

कधी जायचं? थायलंडला फुकेतकडे नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात तिकडचा अंदमान समुद्र खवळलेला असतो, सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासनं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. सेशेल्सला मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो, शिकलेल्यांना मजा येते पण तुमच्यासाठी एप्रिल नाहीतर ऑक्टोबर बरा. माहे, प्रालाँ, ला दीग ही बेटं जवळजवळ आहेत, चक्रीवादळाच्या पट्ट्याबाहेर आहेत आणि भारतीयांना व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथोरायझेशन काढायचं. मला विचाराल तर पहिल्या वेळेला फुकेत. फांग नगाच्या खाडीत पाणी शांत असतं, नांगर टाकायला जागा भरपूर, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

आणि रोज नवीन बेट असला हावरट प्लॅन करू नका. शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल जाते, सोलापूर ते पुणे हे अंतर कापायला तिला साधारण चोवीस तास लागतील. दिवसाला तीन-चार तास चालवायची, दुपारी नांगर, बिअर नांगर टाकल्यावरच. वाद झाला तर स्किपरचं फायनल, हे निघायच्या आधी चौघांनी कबूल करायचं, डॉक्टरांनी जास्त करून.

पाण्याचं मात्र तुम्हाला शिकवायला नको. चाळीस फुटी बोटीवर टाकी काहीशे लिटरचीच असते, म्हणजे फार तर गच्चीवरच्या सिंटेक्सएवढी. नळाला चार-चार दिवसाआड पाणी बघितलेला सोलापूरकर तिथं सगळ्यात हुशार ठरेल. समुद्राच्या पाण्यानं अंघोळ, शेवटी दोन तांबे गोडं पाणी, भांडी पण तशीच.

एवढं वाचूनही बुंदीचं मन मोडवत नसेल तर तिला पाणी आवडतं का ते तरी बघा. उजनीवर एखाद्या मच्छीमार दादाला पैसे देऊन तासभर फिरवून आणा, पण हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला नको, तिकडं फ्लेमिंगो बघायला माणसं आलेली असतात आणि ही भुंकून सगळे उडवेल. लाइफ जॅकेट पाठीवर हँडल असलेलंच घ्या, कुत्रं पाण्यात पडलं तर त्या हँडलनं उचलता येतं. आणि खरी परीक्षा शी-शूची. जमिनीवर शिकलेलं कुत्रं बोटीवर चोवीस तास धरून बसतं, करतच नाही, मालक बिचारा डेकवर उकिडवा बसून चल बाळा चल बाळा करतोय. बोटवाली मंडळी यावर काथ्याचं पायपुसणं वापरतात. घरी गच्चीत ठेवायचं, त्यावर तिच्याच शूचा वास लावायचा, एक ठरलेला शब्द बोलायचा, जमलं की खाऊ. काही आठवड्यांत सवय लागते. बोटीवर त्याच पायपुसण्याच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी बांधतात, काम झालं की समुद्रात बुचकळून वर ओढायचं. हे जमलं तर पुढेमागे कोकणात कोणी ओळखीचं आपल्या बोटीतनं नेत असेल तर अर्धा दिवस घेऊन जा तिला. थायलंडच्या वेळी मात्र तिला वहिनींकडे ठेवा.

प्रश्न : आमच्यातल्या दोघांना पोहता येत नाही, चालतं का? आणि बोट लागते एकाला, एसटीत पण लागते. (बार्शी)

उत्तर : चालतं, पण जॅकेट अंगावर, रात्री डेकवर एकटं जायचं नाही. आणि पुरुषमंडळी कठड्यावरनं समुद्रात लघवी करायला उभी राहतात ना, ते बंद, आत संडास आहे तिथं बसून करायची. तिथं कागद टाकू नका, पंप तुंबतो आणि मग तो उपसायला तुम्हालाच लागतं. उलटीची गोळी बोट हलायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, काहींनी लई झोप येते. लागायला लागलं की खाली केबिनमध्ये जाऊन पडू नका, तिथं जास्त लागते, वर या आणि लांब क्षितिजाकडे बघत बसा. मोबाइल खिशात.

प्रश्न : शिडाच्या बोटीतनं असं लांब जाणं आपल्या लोकांचं काम आहे का? घरचे हसतायत. (जुळे सोलापूर)

उत्तर : हसू द्या. नौदलातले दिलीप दोंदे २००९ ला मुंबईतनं 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि २०१० ला पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईतच परत आले, असं करणारे पहिले भारतीय. बोट गोव्यात बांधलेली. पुढे २०१७-१८ ला नौदलाच्या सहा बायका 'तारिणी'तनं जगाला वळसा घालून आल्या. तुम्ही तर फार तर फुकेतसारख्या खाडीत फिरणार असाल.

प्रश्न : बोटीवर खायचं काय? शेंगा चटणी नेली तर चालेल? (अक्कलकोट रोड)

उत्तर : न्या, पण विमानतळावर फॉर्ममध्ये खाण्याचं विचारलं असेल तर खरं लिहा, लपवू नका. कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, समुद्रावरच्या दमट हवेत उघडी राहिली तर मऊ पडते. कुकर मिळाला तर उत्तम, झाकण लॉक होतं म्हणून बोट हलली तरी भात सांडत नाही, गॅसही कमी लागतो. चपात्यांच्या नादाला लागू नका.