अडीच वर्षांच्या मुलीला राग शब्दांत सांगायला कसं शिकवू?

लेक चिडली की हातातलं फेकते आणि ‘काय झालं ते नीट सांग’ म्हटलं की आणखीच भोकाड पसरते, असं तुम्ही लिहिलंय. तिला सांगायचं नाहीये असं नाही हो, त्या वयात सांगायला शब्दच नसतात. म्हणून विचारत बसू नका, शब्द तुम्हीच द्या. ‘ठोकळे पडले म्हणून राग आला ना तुला?’ बस, एवढंच. त्यातला ‘म्हणून’ मात्र गाळू नका. राग कशामुळे आला, हे तिला त्यातूनच कळत जाईल.

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते. साडेतीन वर्षांचा एक मुलगा रोज दारात आला की म्हणायचा, ‘पोटात दुखतंय.’ रुमालाचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. डॉक्टरांनी तपासलं, पोट ठणठणीत होतं. एकदा मी त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, ‘आई न्यायला कधी येईल, याची काळजी वाटतेय का?’ तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणून पाहिलं, ‘काळजी.’ पोटदुखी काही लगेच थांबली नाही. पण पुढच्याच आठवड्यात एक नवी मुलगी रडत होती, तर हा तिच्याजवळ जाऊन विचारतो, ‘तुला काळजी आलीय?’

मी त्याला दुरुस्त केलं नाही. राग येतो, राग जातो, असंच आपण बोलतो, मग त्याच्या हिशेबाने काळजीही येणारच. म्हणूनच मला ‘तू फार रागीट आहेस’ हे वाक्य लहान मुलांसमोर अजिबात आवडत नाही. ‘राग आलाय’ म्हटलं, तर तो जाणारही आहे हे मुलांना आपसूक समजतं.

शब्द नसले तरी समज असते, तीही खूप आधीपासून. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खाली खोलगट भाग दिसेल अशा काचेवर वर्षाची बाळं सोडली होती. पलीकडे आई हसतमुख असताना १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. तुमचा चेहरा तुमची लेक रोज असाच वाचतेय. आणि ज्या घरांत तिसऱ्या वर्षी मुलांशी भावनांबद्दल जास्त बोललं जात होतं, तिथली मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्यांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत होती, असं मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डन आणि सहकाऱ्यांना १९९१च्या अभ्यासात आढळलं.

घाई मात्र करू नका. आतून वाईट वाटत असताना वरून हसता येतं, हे साधारण सहा-सात वर्षांनंतर नीट उमगतं. एकाच गोष्टीचा आनंदही होतो आणि दुःखही, हे तर त्याच्याही नंतर.

फेकायला लागली की आधी हात धरा, ‘फेकायचं नाही’ म्हणा. रडण्याच्या भरात समजावू नका, काही पोचत नाही. शांत झाल्यावर, झोपताना वगैरे, तो प्रसंग दोन वाक्यांत सांगा. तुमचा आवाज चढला असेल तर तेही सांगा: ‘मला राग आला होता, म्हणून माझा आवाज चढला. आता गेला राग.’