कोडिंग येत नाही, तरी सोशल नेटवर्कचा नकाशा काढून प्रबंध होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात एम.ए. समाजशास्त्र करताय, लघुप्रबंधासाठी ऑनलाइन ओळखीपाळखीच्या जाळ्याचा नकाशा काढायचाय, कोडिंग येत नाही, तर गेफी हे जाळ्यांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकून भागेल का?

गेफी दोन दुपारींत येईल. फुकट आहे, कोडिंग लागत नाही. पण तेवढ्यानं भागत नाही, हे मी तोंडावर आपटून शिकलोय.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस झोपला नव्हता. कुणाची आजी तळमजल्यावर अडकलेली, कुणाला इन्सुलिन हवं, कुणाच्या गच्चीवर जागा. आधी मला ट्विटरवरचे मदतीचे मेसेज गोळा करायचे होते, पण संशोधकांना फुकट मिळणारी माहिती त्याच वर्षी बंद झाली होती. मग पाणी ओसरल्यावर महिन्याभरानं ग्रुपातल्या प्रत्येकाला विचारलं. १४० पैकी नऊ जण नको म्हणाले, त्यांचं सगळं वगळलं. उरले १३१.

नकाशात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. आता दोन ठिपक्यांत रेषा कशाची काढायची? मी म्हटलं, एकाच ग्रुपात आहेत म्हणजे ओळख आहेच, जोडा सगळ्यांना सगळ्यांशी. १३१ जणांच्या जोड्या होतात ८,५१५. स्क्रीनवर जे उमटलं ते पाहून आई म्हणाली, "हा भांडी घासायचा काथ्या आहे का?" बरोबर होतं तिचं. सगळेच सगळ्यांशी जोडले तर चित्रातून काय कळणार, कप्पाळ?

दुसऱ्या खेपेला नियम बदलला. एखाद्याच्या मेसेजला धरून दुसऱ्यानं उत्तर दिलं असेल तरच रेषा. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये कोणतं उत्तर कोणत्या मेसेजला हे येतच नाही. त्यामुळे फोन वर-खाली सरकवत एक्सेलात दोन रकाने भरत बसलो: कोणी, कोणाला. तीन रविवार गेले बाप्पा. पण मग चित्र उघडलं. ज्यांचे मेसेज सगळ्यांत जास्त, ते सुविचारवाले काका कडेला एकटे लटकत होते; सुविचाराला कोण उत्तर देतं? आणि मधोमध होता पाण्याचे कॅन पोचवणारा पोरगा, मोजून सात मेसेजवाला. खालच्या गल्लीतले वरच्या गल्लीतल्यांना ओळखत नव्हते, पण हा दोघांनाही ओळखत होता. इकडची हाक तिकडे त्याच्यामार्फत जात होती. याला अभ्यासात मध्यस्थता म्हणतात: इतरांना जोडणाऱ्या जवळच्या वाटांपैकी किती एखाद्या माणसावरून जातात, त्याचं माप.

म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा: "माझ्या नकाशात रेषा म्हणजे अमुक." ते वाक्य जमत नसेल तर विषयच अजून जमलेला नाही.

या बाबतीत माझा आदर्श मानववंशशास्त्रज्ञ वेन झॅकरी. त्यानं १९७० ते ७२ एका अमेरिकी विद्यापीठातल्या कराटे क्लबचं निरीक्षण केलं. माणसं ३४, रेषा ७८. क्लबात तर सगळेच भेटतात, म्हणून त्यानं रेषा काढली ती क्लबबाहेरही भेटणाऱ्यांमध्येच. फीवरून प्रशिक्षक आणि अध्यक्षाचं वाजलं, क्लब फुटला. कोण कुठल्या गटात जाईल हे झॅकरीनं नुसत्या जाळ्यावरून काढलं आणि एक सोडून सगळे बरोबर निघाले. तो एक कोण? ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेला गडी. अध्यक्षाकडचा असूनही तो प्रशिक्षकासोबत गेला. मला त्या ३३ बरोबर उत्तरांपेक्षा हा चुकलेला एक जास्त आवडतो. हा डेटा सगळीकडे फुकट मिळतो; सराव त्यावरच करा.

गेफीतल्या दोन गोष्टींनी फसू नका. चित्रात वर-खाली, डावं-उजवं याला अर्थ नसतो. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेषा ओढतात, आणि ओढाताण थांबते तिथे ते बसतात. पुन्हा चालवलं तर चित्र फिरलेलं दिसेल. आणि रंगीत गट पाडणारी लूव्हाँ पद्धत (२००८ची, बेल्जियमची) प्रत्येक वेळी तेच गट देईल असं नाही. वीसेक वेळा चालवा. जे गट दर वेळी टिकतात त्यांच्याबद्दलच बोला. माझ्या पहिल्या सादरीकरणात मी "हिरवा गट" वर अर्धा तास बोललो होतो. दुसऱ्या दिवशी तो गटच नव्हता.

डेटाचं म्हणाल तर फेसबुकचा नाद सोडा. फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्ट अभ्यासायचं साधन होतं क्राउडटँगल, तेसुद्धा ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. मी असतो तर मराठी विकिपीडिया घेतला असता. प्रत्येक लेख कोणी कधी बदलला, चर्चापानावर कोण कोणाशी भांडलं, सगळा इतिहास उघडा असतो. त्यावर काम करणारे फार दिसत नाहीत, काऊन कोण जाणे.

नावं काढून टाकली की माणूस लपला, असं समजू नका. २००९ मध्ये नारायणन आणि श्मातिकोव्ह या दोघांनी ट्विटर आणि फ्लिकर (फोटो टाकायची साइट) दोन्हीकडे खातं असलेल्यांपैकी एक तृतीयांश लोक नुसत्या जाळ्याच्या आकारावरून ओळखून दाखवले होते, चूक फक्त १२ टक्के. तेवढं कशाला, मी निनावी नकाशा कॉलनीच्या बैठकीत दाखवला तेव्हा शेजारच्या काकू दहा सेकंदांत म्हणाल्या, "हा कोपऱ्यातला ठिपका आपले सुविचारवाले ना?" काका समोरच बसले होते. त्यानंतर तो नकाशा मी कुठेही छापलेला नाही. प्रबंधातही आकडे दिले, चित्र नाही.

एक बारीक गोष्ट. एक्सेलातून फाइल साठवताना साध्या सीएसव्हीऐवजी यूटीएफ-८ची सीएसव्ही निवडा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतील. आणि दोन रकान्यांची शीर्षकं ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ ठेवा, रोमन लिपीत. अडलं तर इथेच खाली विचारा, रात्री दहानंतर मी बघतो.