पार्किन्सन्ससाठी मेंदूत बसवायचं डीबीएस यंत्र नीट तपासलेलं असतं का? आणि ते आपल्या माणसाला लागू पडेल हे आधी कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे आणि आता डॉक्टरांनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून विद्युतप्रवाह देणं) सुचवलंय. घरात धास्ती एकच, की हा आपल्या माणसावर प्रयोग तर नाही ना. माझ्या आईचं डीबीएस होऊन साडेपाच वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण हेच दोन प्रश्न घेऊन मी सहा महिने वणवण केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तुमचा निर्णय त्यावरच ठरणार आहे.

ऑपरेशनआधीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी यंत्राची नसतेच, ती गोळीची असते. आईला आदल्या रात्री आठनंतर सिंडोपा, म्हणजे तिची पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, द्यायची नाही असं सांगितलं होतं. ती रात्र आम्ही कधी विसरणार नाही. तिला कुशीवर वळवायला मी आणि बाबा, दोघं लागत होतो. सकाळी व्हीलचेअरवरून आत नेलं. मग डॉक्टरांनी एकेक गोष्ट करून घेतली: अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायची, मूठ उघडायची-मिटायची, मनगट उलटसुलट फिरवायचं, टाच जमिनीवर आपटायची, हाताची घडी घालून खुर्चीतून उठायचं. शेवटी त्यांनी मागे उभं राहून खांद्याला हिसका दिला, तोल सावरते का बघायला. प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार गुण, आणि जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस दिला आणि तासाभराने तेच सगळं पुन्हा केलं. आईचे गुण ५२ वरून १९ वर आले. व्हीलचेअर रिकामी ढकलत आम्ही बाहेर आलो, ती शेजारून चालत होती.

गोळीने निदान एक तृतीयांश फरक पडावा, असा साधारण दंडक आहे. कारण गोळीच्या सगळ्यात चांगल्या तासात तुमचा माणूस जसा असतो, साधारण तसाच यंत्र त्याला ठेवतं. फक्त दिवसातले तसे तास वाढतात आणि ऑन-ऑफचे (गोळीचा असर असतो तो ऑन, उतरतो तो ऑफ) हेलकावे कमी होतात. कंप तेवढा अपवाद. गोळीला न जुमानणारा कंपसुद्धा यंत्राने बरेचदा थांबतो. पण ऐन ऑनमध्येही वडिलांचा तोल जात असेल, पाय जमिनीला चिकटत असतील, बोलणं पुटपुटल्यासारखं होत असेल, तर त्या गोष्टींसाठी यंत्रावर आशा ठेवू नका. बोलणं तर कधीकधी आणखी बिघडतं. हे आम्हाला दुसऱ्या मतासाठी गेलो तेव्हा कळलं. पहिल्या ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा मला आजही राग आहे.

या चाचणीने आणखी एक गोष्ट साधते. पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे असे काही आजार आहेत, त्यांत या गोळीचा फारसा गुण येत नाही आणि यंत्राचाही येत नाही. म्हणून आजार सुरू झाल्यावर काही वर्षं गेल्याशिवाय ऑपरेशनचा विषय सहसा निघत नाही. याशिवाय एमआरआय असतो आणि स्मरणशक्तीची, मनःस्थितीची तपासणी असते. ही शेवटची तपासणी म्हणजे नुसता सोपस्कार समजू नका. विसराळूपणा बराच वाढलेला असेल किंवा नैराश्य खोल असेल, तर ऑपरेशननंतर ते आणखी बिकट होऊ शकतं.

आता पहिला प्रश्न. हा प्रयोग आहे का? एके काळी होता. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात १९८७ साली आलिम-लुई बेनाबिद नावाचे न्यूरोसर्जन कंपाच्या रुग्णांवर तेव्हाची रूढ शस्त्रक्रिया करत होते. तीत मेंदूतल्या थॅलॅमस या भागातला एक ठिपका जाळून टाकत. जागा बरोबर आहे ना, हे बघायला जाळण्याआधी तिथे सुईतून थोडा विद्युतप्रवाह सोडत. त्यांच्या लक्षात आलं की सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा जास्त स्पंदनं दिली की कंप थांबतो, आणि प्रवाह बंद केला की परत येतो. मग जाळायचंच कशाला, तार तिथेच ठेवून द्यावी, असा तो विचार. म्हणजे ज्याला आपण आज उपचार म्हणतो, ती मुळात एक तपासणी होती. मला ही गोष्ट फार आवडते.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं अचानक पार्किन्सन्ससारखी ताठरून गेली. त्या भेसळीतलं रसायन, एमपीटीपी, माकडांना दिलं तर तसाच आजार होतो हे पुढे कळलं. त्या माकडांवर काम करून मालोन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा छोटासा पुंजका निकामी केला की ताठरपणा आणि मंदपणा ओसरतो. हा पुंजका चवळीच्या दाण्याएवढाही नसतो. १९९३ मध्ये ग्रनोबलच्याच चमूने माणसाच्या त्या पुंजक्यात तार बसवली. वडिलांचीही बहुधा तिथेच बसेल, नाहीतर ग्लोबस पॅलिडस या शेजारच्या भागात.

पण एखाद्या चमूला गुण दिसला म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नाही, आणि या आजारात तर नाहीच. नुसत्या आशेनेसुद्धा पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन (या आजारात कमी पडणारं रसायन) स्रवतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मग खरं-खोटं कसं करायचं? यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णालाही सांगायचं नाही आणि गुण देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तशी आंधळी तपासणी केली, तेव्हा सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तारा असलेल्यांच्या हालचालींच्या गुणांत निम्म्याच्या आसपास फरक दिसला. २००६ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १५६ रुग्णांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून यंत्र दिलं आणि दुसऱ्याला फक्त औषधं. सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांचं रोजचं जगणं जवळपास एक चतुर्थांशाने सुधारलेलं होतं. २०१३ च्या अभ्यासात २५१ रुग्ण होते, सरासरी वय ५२, आणि तिथेही दोन वर्षांनंतर असाच फरक टिकलेला दिसला.

मला स्वतःला सगळ्यात पटला तो २००९ चा अमेरिकेतला २५५ रुग्णांचा अभ्यास. त्यात रुग्णांनी घरी वही ठेवली होती. दर अर्ध्या तासाला नोंद: झोप, ऑफ, ऑन, किंवा ऑन पण अंग नको तितकं हलतंय. सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांना त्रासाविना ऑन असलेले रोजचे ४.६ तास जास्त मिळाले. औषधांवरच राहिलेल्यांना काहीच जास्त मिळालं नाही. साडेचार तासांत माणूस आंघोळ करतो, जेवतो, बाजारात जाऊन येतो. पण त्याच अभ्यासात गंभीर त्रास ऑपरेशनवाल्यांना कितीतरी जास्त झाले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन एक रुग्ण दगावला. ही बाजू डॉक्टरांनी आपणहून सांगितली नाही, तर तुम्ही विचारा. रक्तस्रावाचं प्रमाण त्यांच्या हॉस्पिटलात किती, जंतुसंसर्ग होऊन यंत्र काढावं लागलं असे रुग्ण किती, हे विचारायला संकोच करू नका.

आम्हीही तशी वही ठेवली. आई पूर्वी रोजचा जमाखर्च लिहायची. आजार वाढला तशी तिची अक्षरं मुंगीएवढी होत गेली होती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर बाबा चौकटी आखायचे आणि ती खूण करायची. दोन आठवड्यांत दिसलं की जागेपणीच्या सोळा तासांतले जेमतेम सहा चांगले होते. मला वाटत होतं दहा तरी असतील. आम्ही ऑपरेशनला हो म्हटलं ते त्या वहीमुळे.

ऑपरेशनच्या दिवशीही तपासण्याच चालतात. डोक्याला चौकट घट्ट बसवून स्कॅन करतात, कवटीला छोटं भोक पाडतात, आणि बऱ्याच ठिकाणी रुग्ण जागाच असतो. केसासारखी बारीक सुई आत सरकत जाते आणि पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकू येतो. पुंजका लागला की खरखर एकदम दाट होते. आई म्हणाली, पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसं. मग तारेतून प्रवाह सोडून बघतात. डॉक्टर मनगट हलवत ताठरपणा जोखत राहतात आणि रुग्णाला बोलतं ठेवतात. आईला काहीही म्हणा सांगितलं तर तिने एकोणतीसचा पाढा सुरू केला. प्रवाह एका टप्प्याला पोचला तसं तोंड उजवीकडे ओढलं गेलं आणि जीभ जड झाली. त्यांनी लगेच प्रवाह कमी केला. शेजारून जाणाऱ्या नसांच्या जुडग्यापर्यंत प्रवाह पोचला की असं होतं. गुण कुठे सुरू होतो आणि त्रास कुठे सुरू होतो, या दोहोंमध्ये पुरेसं अंतर असेल तर तार योग्य जागी आहे असं समजतात.

नंतरची एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. नुसती तार आत गेल्यानेही काही दिवस माणूस बरा वाटतो, यंत्र सुरू नसताना. घरचे हरखतात, आणि तो परिणाम ओसरला की धीर सोडतात. आमचं तेच झालं. खरं जुळवणं काही आठवड्यांनी सुरू होतं. तारेच्या टोकावरचा एकेक संपर्कबिंदू घेऊन प्रवाह थोडाथोडा वाढवत परत तेच टपटप, तीच मूठ. आमच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत सात फेऱ्या झाल्या. त्यामुळे हॉस्पिटल निवडताना सर्जनइतकीच चौकशी प्रोग्रॅमिंग कोण करणार आणि ते घरापासून किती लांब, याची करा.

आज आई ७१ ची आहे. गोळ्या निम्म्यावर आल्या, बंद झाल्या नाहीत. आजार थांबलेला नाही. गेल्या वर्षापासून चालताना तोल जातो, आवाज खोल गेलाय. पण रात्री कुशीवर ती स्वतः वळते. वहीतली अक्षरं मला चष्म्याशिवाय वाचता येतात.

तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या कुणा डीबीएस झालेल्या माणसाला वडिलांना घेऊन भेटा. वही उद्यापासून सुरू करा, निर्णय काहीही होवो. आणि ऑपरेशन झालंच, तर गुडघेदुखी-पाठदुखीसाठी शेक घ्यायला जाताना सांभाळा: डायथर्मीचं (विजेच्या लहरींनी शरीर आतून शेकणारं) मशीन अशा माणसाला कुठेही, अगदी गुडघ्यालाही लावायचं नसतं. तारेचं टोक तापून मेंदूला गंभीर इजा झाल्याच्या घटना घडल्या आहेत. यंत्राचं कार्ड वडिलांच्या खिशात कायम असू द्या आणि फिजिओथेरपिस्टला ते आधी दाखवा.