घरातलं थिएटर: आधी खोली, मग यंत्रं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत 'कुठला प्रोजेक्टर घेऊ?' हाच पहिला प्रश्न आहे. खोलीची मापं मात्र थोड्याच जणांनी कळवली आहेत. ज्यांनी कळवली, त्यांच्या प्रश्नांना आधी उत्तरं देत आहोत, कारण चित्र आणि आवाज दोन्ही खोलीवरच ठरतात.

प्रश्न : मागची खोली १४ बाय १० फूट आहे, उंची साडेनऊ फूट. १० फुटी भिंतीवर १२० इंची पडदा लावायचं मनात आहे. दुकानदार म्हणतात, आरामात बसेल. तुमचं मत काय? (नाशिक)

उत्तर : भिंतीवर बसेल, पण थिएटर नीट होणार नाही. १२० इंच हे कर्णाचं माप. १६:९ च्या चित्राची रुंदी त्यात जवळपास १०५ इंच होते, म्हणजे पावणेनऊ फूट. दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात इंच उरतात. त्यात स्पीकर कोंबावे लागतील आणि भिंतीला चिकटलेल्या स्पीकरचा आवाज जाड, फुगलेला येतो.

तुम्ही ९२ इंची पडदा घ्या. त्याचं चित्र ८० बाय ४५ इंच. दोन्हीकडे २०-२० इंच मोकळे राहतात, तिथे डावा-उजवा स्पीकर नीट उभा राहतो. चित्राची खालची कड जमिनीपासून २८ इंचांवर ठेवा. सेंटर स्पीकर (संवादांचा मधला) तिच्याखाली बसेल, तो किंचित वर तिरका करून तोंड कानांकडे वळवा.

बैठक पडद्यापासून साडेनऊ फुटांवर. तिथून पडदा डोळ्यांसमोर साधारण ३९ अंशांत मावतो, मान फिरवावी लागत नाही. मागे साडेचार फूट उरतात आणि ते उरलेच पाहिजेत. सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर बास, म्हणजे खालचे जाड सूर, नको इतका वाढतो. खोलीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सात फुटांवर ठेवला तर उलट होतं. १४ फूट लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीपासून भिंतीपर्यंत घुमतो आणि त्याचा पोकळ भाग नेमका मध्यावर पडतो. सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) कितीही वाढवला तरी तिथे बसणाऱ्याला तो सूर पोचत नाही.

प्रोजेक्टर किती अंतरावर लावायचा ते त्याच्या थ्रो रेशोवरून काढा. पडद्याची रुंदी गुणिले रेशो म्हणजे भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर. तुमची रुंदी ६.६७ फूट. रेशो १.२ असेल तर ८ फूट, १.५ असेल तर १० फूट. छताला भोक पाडण्याआधी प्रोजेक्टर शिडीवर किंवा टेबलावर उलटा ठेवून चित्र पाडून बघा. यंत्र पडद्याला काटकोनात आणि लेव्हलमध्ये बसवा, कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सेटिंग) शून्यावर ठेवा. कीस्टोनने वाकडं चित्र सरळ दिसतं खरं, पण त्यासाठी प्रोजेक्टरच्या आतल्या, चित्र तयार करणाऱ्या पॅनेलचा काही भाग वाया जातो आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात.

ल्युमेनच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या, आकड्यांनी घाबरू नका. सिनेमागृहात पडद्याच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला १४ ल्युमेन, धरतात. तुमचा पडदा २५ चौरस फुटांचा, म्हणजे साध्या पांढऱ्या कापडावर खरे ३५० ल्युमेन पडले तरी ते प्रमाण गाठलं जातं. उजेड वर्षागणिक कमी होतो म्हणून दुप्पट, ७०० धरा. जाहिरातीतला आकडा सर्वांत भगभगीत मोडचा असतो, रंग बरोबर असणाऱ्या मोडमध्ये तो बराच उतरतो. एन्सी (ANSI) ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो आकडा मोजूच नका.

वाचलेले पैसे रंगाला लावा. पडद्याची भिंत, तिच्या लगतच्या बाजूच्या भिंतींचा चार फुटांचा भाग आणि तेवढंच छत गडद, पूर्ण मॅट रंगात करा. कोळशासारखा राखाडी, गडद तपकिरी, गडद हिरवा, काहीही चालेल. पांढऱ्या छतावरून उजेड परत पडद्यावर पडतो आणि काळा रंग राखाडी दिसतो. महागडा प्रोजेक्टरही याला काही करू शकत नाही.

प्रश्न : पडदा घरीच, सुताराच्या मदतीने करता येईल का? (सातारा)

उत्तर : येईल, आणि चांगला होतो. पडद्यांच्या दुकानात मिळणारं पांढरं ब्लॅकआउट कापड घ्या. ते बहुधा ५४ इंच पन्ह्याचं मिळतं, म्हणून ९२ इंची पडदा बिनजोड होतो. फ्रेम बाहेरून ८४ बाय ४९ इंच ठेवा आणि मध्ये एक उभी पट्टी द्या, नाहीतर कापड ताणलं की लांब पट्ट्या आत वाकतात. ही मधली पट्टी अर्धा इंच मागे बसवा, पुढे आली तर तिची रेघ चित्रात दिसते. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, शंका असेल तर एक इंची ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप बरा.

कापड ताणताना कोपऱ्यापासून सुरुवात करू नका. वरच्या पट्टीच्या मध्यावर एक स्टेपल, मग समोर खाली, मग डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी समोरासमोर, मध्याकडून कोपऱ्याकडे, दर सव्वा इंचाला एक. कोपऱ्याकडून गेलात तर मध्ये तिरकी सुरकुती राहते आणि ती उकलण्यासाठी सगळे स्टेपल काढावे लागतात. ॲल्युमिनियमवर स्टेपल लागत नाही, तिथे मागून पट्टी दाबून स्क्रू करा. शेवटी चारी बाजूंना दोन इंच रुंद काळी मखमल चिकटवा. चित्राची कड जरा बाहेर गेली तरी मखमल उजेड गिळते.

भिंतच रंगवून पडदा करणार असाल तर लांबी (पुट्टी) मारून झाल्यावर अंधार करून टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. थापीच्या लाटा, खळगे लगेच दिसतील. ते घासून काढल्याशिवाय रंग देऊ नका.

प्रश्न : खोलीत टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज येतो. अंड्यांचे ट्रे लावले तर थांबेल असं ऐकलं. (अमरावती)

उत्तर : ट्रे लावू नका. काही मिलिमीटर जाडीचा तो लगदा फक्त अगदी उंच सुरांवर थोडा परिणाम करतो, बाकी आवाज होता तसाच राहतो. शिवाय तो झटकन पेट घेतो आणि झुरळांना घर मिळतं. स्वस्त फोमचंही तेच, वायरिंगच्या जवळ तर तो मुळीच नको.

टर्रर्र येतो तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज मागे-पुढे आपटल्यामुळे. त्याला रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) पॅनेल हवेत. घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेची दोन इंच जाड पाटी घ्या. चार बाय दोन फुटांची, तीन इंच खोल प्लायपट्टीची चौकट करा. पाटी पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे तिच्या मागे भिंतीपर्यंत एक इंच हवा राहते. या मोकळ्या जागेमुळे पॅनेल आणखी खालचे सूर शोषतं. पाटीभोवती पातळ नॉन-वोव्हन कापड गुंडाळा, लग्नात आहेराच्या पिशव्या मिळतात तसलं. त्याने तंतू बाहेर येत नाहीत. वरून हवं ते कापड, पण तोंडाला लावून फुंकर मारा. फुंकर आरपार गेली तर ते चालेल, गेली नाही तर आवाजही जाणार नाही. रॉकवूल कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उघड्या त्वचेला फार खाज सुटते.

कुठे लावायचे? नेहमीच्या जागी बसा आणि कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून, तुमच्या कानांच्या उंचीवर, आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसेल तिथे पॅनेलचा मध्य आला पाहिजे. दोन्ही भिंतींवर असं करा, मग मागच्या भिंतीवर दोन. साधारण खोलीला सहा पुरतात. सगळ्या भिंती झाकल्या तर संवाद कोंदट वाटू लागतात. जमिनीवर स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी टाका.

या पॅनेलने बास मात्र आवरणार नाही. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, दोन इंचांना ती दाद देत नाही. बाससाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत, कोपरा तिरका कापणारे चार इंच जाड पॅनेल लागतात.

प्रश्न : दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भिंतीवर जिप्सम बोर्ड लावून घ्यायचा आहे. (डोंबिवली)

उत्तर : थेट भिंतीवर लावलेल्या बोर्डाचा उपयोग नगण्य आहे. प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या वर असतं, साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड त्यात आठ-नऊ किलोंची भर घालतो. वजन दुप्पट झालं तर कुठे सहा डेसिबलच्या आसपास फरक पडतो. आवाज जातो तो दाराखालच्या फटीतून आणि सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधून. भरीव फ्लश डोअर, चौकटीला रबर, खाली ब्रशची किंवा रबरची पट्टी, खिडकीला घट्ट बसणारं दुसरं तावदान. खर्च इथे करा.

बास स्लॅबमधूनच पसरतो आणि फ्लॅटमध्ये तो पूर्ण थांबवणं खोलीत वेगळी खोली बांधल्याशिवाय होत नाही. रबराच्या पॅडने फक्त जमिनीची थरथर कमी होते. त्यापेक्षा सबवूफर सोफ्याच्या अगदी जवळ, बाजूला किंवा मागे ठेवा. जवळ असल्यामुळे कमी आवाजावरही तो तुम्हाला पुरेसा जाणवतो. रिसीव्हरमध्ये (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) नाइट मोड असेल तर रात्री तो चालू करा, स्फोटाचे आवाज खाली येतात आणि संवाद ऐकू येतात. नेहमीचा आवाज लावून स्वतः खालच्या आणि शेजारच्या घरी जाऊन दहा मिनिटं बसा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे, पण शेजारचं लहान मूल झोपतं ती वेळ विचारून घेणं जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : बंगल्याचं प्लास्टर व्हायचं आहे. वायरमनला काय काय सांगून ठेवू? (कोल्हापूर)

उत्तर : सगळ्यात आधी प्रोजेक्टरचा पाइप. नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या पाइपातून वायर जाते, पण वळणावर एचडीएमआयचं डोकं अडकतं. ४० मिलिमीटरचा पाइप टाका, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण द्या आणि आत नायलॉनची दोरी कायमची राहू द्या. एचडीएमआयची केबल कधी ना कधी बदलावी लागणारच. दहा मीटरला साधी तांब्याची केबल फोर-केमध्ये दगा देते, चित्र मधूनच जातं. ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते. सोर्स लिहिलेलं टोक रिसीव्हरला, डिस्प्ले लिहिलेलं प्रोजेक्टरला. उलटी ओढली तर पुन्हा काढावी लागते.

स्पीकरला दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची जोडवायर दहा मीटरपर्यंत पुरे, त्यापुढे अडीच. वायर ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. मागचे दोन स्पीकर बैठकीच्या बाजूला, कानांच्या रेषेपेक्षा फूटभर मागे आणि कानांपेक्षा फूट-दोन फूट वर येतात. ॲटमॉस (वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) करायचं असो-नसो, डोक्याच्या किंचित पुढे छतात दोन पॉइंट काढून ठेवा. विजेच्या वायरपासून फूटभर लांब राहा आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत खोदलेल्या खाचा) बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा.

प्रश्न : समुद्राजवळ घर आहे. पावसाळ्यात पॅनेलला बुरशी येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : रॉकवूल कुजत नाही, पण त्यावरचं कापड, त्यातली धूळ आणि प्लाय यांना बुरशी धरते. ओल येणारी भिंत आधी बाहेरून दुरुस्त करा. खोलीचं काम उन्हाळ्यात काढण्याऐवजी एक पावसाळा जाऊ द्या आणि ओल कुठे फुटते त्यावर खडूने खुणा करा. पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीवर पॅनेल टांगायचंच असेल तर मागे दोन इंच हवा खेळती ठेवा. प्लाय आयएस ७१० चा (मरीन), स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. चिकटवलेला गालिचा नको, उचलून उन्हात टाकता येईल अशी सतरंजी हवी.

प्रोजेक्टर चार महिने प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला तर आतल्या आत दमटपणा कोंडतो आणि भिंगावर बुरशीचं जाळं धरतं. आठवड्यातून एकदा तासभर तो चालू करा. एक साधा आर्द्रतामापक भिंतीला लावा, काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की एसीचा ड्राय मोड लावा.

प्रश्न : सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो. (पुणे)

उत्तर : डिशची किंवा केबलची जाड गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घूं थांबली तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक त्या वायरने आत येतो आहे, तिला ग्राउंड लूप आयसोलेटर (ही घूं अडवणारा छोटा जोड) लावा. नाही थांबली तर सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला जोडून बघा. अर्थिंगची पिन कापून घूं घालवण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नका, यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर वाचवणारी तीच पिन असते.