गार, गारगोटी आणि शिरगोळा

प्रश्न असा आलाय: "शेतातली विहीर खोल करताना काळ्या दगडातून पांढरे, चमकदार तुकडे निघाले. घरी सगळे त्यांना गारगोट्या म्हणतात. दगड जमवणारा मित्र म्हणतो, ह्या गारगोट्या नाहीत, झिओलाइट आहेत. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, ते वेगळं, कठीण खनिज. बरोबर कोण? आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर दोन्ही सोडून सरळ 'स्फटिक' लिहिलं तर चालेल का?"

दगडाच्या बाबतीत मित्र बहुधा बरोबर आहे. शब्दाच्या बाबतीत मात्र घरच्यांना एवढ्यात चूक ठरवू नका.

आधी 'गार' पाहू. आभाळातून पडते तीही गार आणि माळावर पायाला टोचते तीही गारच. दोन्ही पांढुरक्या, अर्धपारदर्शक, हाताला थंड. हे साम्य फक्त आपल्यालाच दिसलं असंही नाही. ग्रीक भाषेत 'क्रिस्टलोस' म्हणजे बर्फ, आणि तोच शब्द पारदर्शक क्वार्ट्झलाही लावला जायचा. कायमचा गोठून बसलेला बर्फ म्हणजेच हा दगड, असं रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात चक्क लिहून गेलाय. आजचं 'क्रिस्टल' तिथून आलं. 'गोटी'बद्दल वेगळं सांगायला नको. नदीतला तो गोटा, मुलांच्या खिशातली ती गोटी.

पण गारेची खरी ओळख दिसण्यावरून नव्हती, कामावरून होती. काडेपेटी यायच्या आधी घरोघर चकमक असायची: एक गार, एक पोलादाचा तुकडा आणि ठिणगी झेलायला कापूस. 'चकमक' हा मूळचा तुर्की शब्द, आघात करून ठिणगी पाडणं ह्या अर्थाचा. पोलिसांची आणि दरोडेखोरांची चकमक उडते तीही हीच. यात गंमत अशी की ठिणगी गारेची नसते. गार पोलादाहून कठीण, म्हणून ती पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. तुमच्या विहिरीतला दगड स्टिलबाइट, म्हणजे झिओलाइटांपैकीच एक, असेल आणि तो पोलादावर मारलात तर ठिणगी पडणार नाही, त्याचाच चुरा होईल. म्हणजे 'गार' ह्या शब्दात कठीणपणाची अट आधीपासूनच होती.

आमच्या लहानपणी ही अट गोधडीत तपासली जायची. वीज गेली की दोन गारगोट्या घेऊन गोधडीखाली शिरायचं आणि एकमेकींवर जोरात घासायच्या. आतल्या आत पिवळसर उजेड लुकलुकायचा आणि काहीतरी जळल्यासारखा वास यायचा. अजूनही क्वार्ट्झ ओळखायला मी हे करतो, फक्त गोधडीऐवजी बाथरूमचा दिवा मालवतो. घरचे बघतात, बोलत नाहीत.

आता ह्या गोष्टीतला विसरलेला शब्द: शिरगोळा. रांगोळीसाठी कुटतात तो मऊ, पांढरा दगड. रांगोळी पाकिटात मिळू लागल्यापासून तो बोलण्यातून जवळजवळ गेलाच. पण जोडी बघा: पांढरा आणि कठीण ती गार, पांढरा आणि कुटला जाणारा तो शिरगोळा. फ्रीडरिख मोस यांनी खनिजांची कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी 1812 साली मांडली. आपल्याकडे अंगणातल्या दोन शब्दांत तिची दोन टोकं होती. (दगडापेक्षा वीट मऊ, हेही मोजमापच की.) माझा अंदाज विचाराल तर शिरगोळा मागे पडला तसे त्याचे दगडही गारगोटीच्या पदरात आले आणि 'गारगोटी' म्हणजे पांढरं, चमकणारं काहीही, इतका तो शब्द सैल झाला. सिन्नरच्या प्रसिद्ध खनिज संग्रहालयाचं नावही 'गारगोटी'च आहे, आणि ते ओळखलं जातं मुख्यतः झिओलाइटसाठी! तेव्हा घरच्यांची बाजू अगदीच लंगडी नाही.

झिओलाइट हा शब्दही मजेशीर आहे. क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने 1756 मध्ये असा एक दगड तापवला तेव्हा त्यातलं पाणी बाहेर पडून तो उकळल्यासारखा फसफसला. ग्रीक 'झेओ' म्हणजे उकळणे, 'लिथोस' म्हणजे दगड. उकळदगड म्हणा हवं तर; मी म्हणणार नाही. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं घेऊन पाणी झिरपत राहिलं आणि हे दगड तयार झाले. वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांतला, त्यासाठी जगभरचे संग्राहक पुण्याचं नाव घेतात.

पण मित्रालाही एक सांगा: त्याच पोकळ्यांत क्वार्ट्झही भरपूर असतो. नुसतं विहिरीतून निघालं म्हणून झिओलाइट ठरत नाही. तुकड्याचं टोक काचेच्या जुन्या बाटलीवर ओढा. सहज ओरखडा उठला तर गारगोटी, मूळ अर्थाने. नाही उठला तर आकार बघा. कडब्याची पेंढी मधोमध आवळून बांधल्यासारखा झुबका, रंग फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असेल तर स्टिलबाइट. सुयांचा पिसारा फुलला असेल तर स्कोलेसाइट असू शकतो, तोही झिओलाइटच. आणि सुटलेल्या छोट्या कपचीवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. चांगल्या नमुन्यावर मात्र आम्ल टाकू नका, काही झिओलाइटही त्याने खराब होतात.

राहिला स्फटिक. हा शब्द मी टाळेन, कारण तो दोन नोकऱ्या करतो. माळेतला, शिवलिंगाचा स्फटिक म्हणजे पारदर्शक क्वार्ट्झ. शाळेच्या पुस्तकातला स्फटिक म्हणजे नियमित रचनेचं कुठलंही घनरूप, मग मीठही स्फटिक आणि साखरही. दुकानदार 'ओरिजिनल स्फटिक' म्हणतो तो पहिल्या अर्थाने, आणि कधीकधी ती निव्वळ काच असते, जी दोन्ही अर्थांनी स्फटिक नव्हे. तुमचा स्टिलबाइट दुसऱ्या अर्थाने स्फटिक आहे, पहिल्या अर्थाने नाही. वाचणाऱ्याला नेमकं काय कळणार?

असाच घोळ पुष्कराजाचा. मोसच्या पट्टीचं मराठीकरण करताना आठव्या पायरीवरच्या टोपाझला पुष्कराज म्हणतात. सराफ पुष्कराज म्हणून देतो तो पिवळा नीलम, म्हणजे कुरुंद, नववी पायरी. दोन वेगळी खनिजं, किमतीत जमीनअस्मानाचा फरक. कुरुंद हा शब्द मात्र मला फार आवडतो. इंग्रजीतलं 'कोरंडम' आपल्याकडच्याच, तमिळ कुरुंदम् आणि संस्कृत कुरुविंद ह्या घराण्यातलं. धार लावायचा कुरुंद आणि अंगठीतलं माणिक मुळात एकच खनिज, हे सराफाच्या दुकानात बोलून बघा एकदा.

तर चिठ्ठीवर काय लिहायचं? खात्री पटली असेल तर 'स्टिलबाइट', देवनागरीतच. खाली गाव, विहिरीची खोली, काढल्याची तारीख. आणि एक ओळ जास्तीची: 'घरी म्हणतात: गारगोटी'. घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर रांगोळीचा दगड कुठून आणायचे तेही विचारून घ्या. शिरगोळ्याला तुमच्याकडे वेगळं नाव निघालं तर मला कळवा.