फ्लेक्सवर 'अधिकारी', नियुक्तिपत्रात 'हँडीमन'

पत्र

मावशी, मी २३ वर्षांचा, लातूरजवळच्या एका गावचा. बी.कॉम. झालो. मग एक लाख दहा हजार भरून सहा महिन्यांचा एअरपोर्टचा कोर्स केला. जाहिरातीत ब्लेझर घातलेला मुलगा होता. आता नोकरी लागली आहे, नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर, ग्राउंड हँडलिंगच्या कंपनीत, तीन वर्षांच्या करारावर. कागदावर पगार २१ हजार. पण पद हँडीमनचं आहे. विमानात सामान चढवायचं आणि उतरवायचं.

घरी मी फक्त 'एअरपोर्टवर लागलो' एवढंच सांगितलं. मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला : 'विमानतळ अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझे अण्णा मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत, तीस वर्षं हमालांवर ओरडत आलेत. त्यांच्या शेठनी शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला, तेव्हाही मी गप्प बसलो. दोन वर्षांत काउंटरवर बदली करून घ्यायची आणि तोवर कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरवलंय. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. मी जावं का? आणि माझं चुकतंय का?

उत्तर

लेकरा,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जा. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला याच कामाची भरती होती, तेव्हा हजारो पोरं लोटली होती. गर्दी आवरेना, म्हणून अर्ज ठेवून घरी जा असं सांगावं लागलं. त्या रांगेत पदवीधरही होते. ती बातमी वाचताना मला वाटलं होतं की यातल्या एकानं तरी लिहावं. तू लिहिलंस, फक्त तुझ्या हातात नियुक्तिपत्र आहे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

तुला शरम कामाची वाटत नाहीये. तुझ्या पत्रात कष्टाची भीती एका ओळीतही नाही. तुला एका शब्दाची शरम वाटते आहे, म्हणून तो शब्द तू अण्णांच्या बाबतीत लिहिलास आणि स्वतःच्या बाबतीत टाळलास. हमाल. याच शब्दाभोवती पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. याच माणसांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. तेव्हा त्या शब्दाला आपल्याकडे काही वजनच नाही असं नाही. पण मी कितीही सांगितलं तरी तुमच्या मोंढ्यात 'ए हमाल' अशी हाक कशी मारली जाते ते तू लहानपणापासून ऐकलंयस. ते माझ्या दोन वाक्यांनी पुसलं जाणार नाही, हे मला कळतं.

म्हणून कामाकडेच येऊ. विमानात बॅगा कशाही भरत नाहीत. पुढच्या कप्प्यात किती, मागच्या कप्प्यात किती, हे आधी कागदावर ठरलेलं असतं आणि त्यावर विमानाचा तोल मांडलेला असतो. मागच्या बॅगा पुढे गेल्या आणि कुणाला कळलं नाही, तर वैमानिक चुकीच्या आकड्यांवर विमान उचलतो. म्हणजे कागदावरचा हिशेब खरा ठेवणारा शेवटचा हात तुझा असेल. तीस वर्षं कट्टे मोजून वहीत उतरवणाऱ्या माणसाला ही गोष्ट माझ्या-तुझ्यापेक्षा लवकर समजेल.

आता तुझा दोन वर्षं गप्प बसण्याचा बेत. मी याला खोटं म्हणत नाही, फार महाग पडणारी गोष्ट म्हणते. गावात तू 'अधिकारी' आहेस, तर पहिल्या दिवाळीला चुलतभाऊ हातउसने मागेल. अण्णा अधिकाऱ्याच्या पगाराच्या भरवशावर कुणाला तरी शब्द देऊन बसतील. त्यापुढचं तर मला आत्ताच दिसतंय : स्थळं येतील. विमानतळावरचा अधिकारी, नवी मुंबईत राहतो, निर्व्यसनी. मग एका परक्या मुलीला आणि तिच्या बापाला तू काय सांगशील? फ्लेक्स मित्रांनी लावला, ती त्यांची हौस. पण बैठकीत तू तोंड उघडलं नाहीस तर ते तुझं होईल.

आणि ज्या बदलीवर हा सगळा बेत उभा आहे, तिच्याबद्दल जरा कडू बोलते. हँडीमन दोन वर्षांनी आपोआप काउंटरवर जात नाही. त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. काउंटरच्या जागांसाठी बहुतेक वेळा वेगळा अर्ज आणि मुलाखत असते. तिथे तुझी पदवी कामाची आहे, इंग्रजी आणि हिंदी बोलण्याचा सराव त्याहून जास्त. रॅम्पवरची, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवरची, वाट निराळी. तिथे आधी सामान, मग ट्रॅक्टर आणि इतर गाड्या, मग टोळीची जबाबदारी. त्या वाटेवर जड वाहनाचा परवाना सोन्यासारखा असतो. तुझ्याकडे साधा चारचाकीचा तरी आहे का? नसेल तर निघायच्या आधी लातूरच्या आरटीओत कच्चा परवाना काढ, कारण साधा परवाना वर्षभर जुना झाल्याशिवाय जड वाहनाचा मिळत नाही. धावपट्टीच्या बाजूला गाडी चालवायला विमानतळाचा परवाना पुन्हा वेगळा लागतो, तो नंतरचा विषय.

त्या एक लाख दहा हजारांचं काय बोलू? हँडीमनच्या जाहिरातीत सहसा दहावी पास एवढीच अट असते. हे तुलाही आता कळलेलं दिसतंय. झालं ते झालं. पण इथून पुढे गणवेशाचे, पासचे, ट्रेनिंगचे किंवा अनामत म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस. नोकरी देणारा माणूस पैसे मागत नाही.

कंपनीला निघण्याआधी एक फोन कर आणि विचार की पगार रुजू झाल्यापासून सुरू होतो की पास हातात आल्यापासून. विमानतळाच्या आत जायला एंट्री पास लागतो. त्याआधी पोलीस पडताळणी होते, सुरक्षेचं प्रशिक्षण होतं, आणि यात कधीकधी बरेच दिवस जातात. तेवढे दिवस मुलं खोलीत बसून गावाहून आणलेले पैसे खातात. दोन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय निघू नकोस. पास मिळाला की जिवापाड जप. हरवला तर पोलीस तक्रार, चौकशी आणि घरी बसणं. आणि विमानाजवळ उभं राहून सेल्फी काढू नकोस. मित्र मागतील, तुझाही हात शिवशिवेल. त्या एका फोटोपायी पास जाऊ शकतो. आईला गणवेशातला फोटो पाठवायचा असेल तर गेटच्या बाहेर काढ.

खोली लगेच घेऊ नकोस. विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून सुरू झाला आहे, त्यामुळे उलवे, करंजाडे, पनवेल, कामोठे या पट्ट्यात दलाल तुझ्यासारख्यांचीच वाट बघतायत. पहिले पंधरा दिवस जमेल तिथे काढ. कंपनीची बस कुठून सुटते आणि तुझी पाळी कशी फिरते ते पाहा, मग त्या थांब्याला पायी जाता येईल अशी जागा शोध. मध्यरात्रीनंतर लोकल तीनेक तास बंद असतात. पहाटे चारची पाळी असली तर स्टेशनजवळच्या खोलीचा काडीचा उपयोग नाही, रिक्षावाला मात्र खूश होईल.

सोबतीही पाळी बघून निवड. चौघांत एकजण दिवसपाळीवर, एकजण रात्रपाळीवर, तिसरा मोबाईलवर क्रिकेट बघणारा, अशा खोलीत रात्रपाळीचा माणूस महिन्याभरात चिडका होतो. मी सांगते ते अनुभवानं. १९७९ मध्ये मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले, गिरगावात सहाजणींच्या खोलीत राहायचे. दिवसा झोप यावी म्हणून खिडकीला जुनी गोधडी ठोकली होती. आई गावात सांगायची, 'आमची मुलगी टेलिफोनच्या हापिसात साहेब आहे.' मी सहा वर्षं ते दुरुस्त केलं नाही. मग एकदा मामा न कळवता हापिसात आला. कानाला हेडफोन लावून 'नंबर प्लीज' म्हणणाऱ्या चाळीस बायकांत त्याला साहेब काही सापडेना. तो काही बोलला नाही. चहा पिऊन गेला. त्याचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

असो. गोधडी ने. सोबत शेंगदाण्याची आणि काराळ्याची चटणी ने, कडक भाकरी ने. पहिल्या महिन्यात बाहेर खायला लागलास की पगार वडापावात जातो.

तब्येतीबद्दल एक वेगळंच सांगते, हसू नकोस. निघण्याआधी अण्णांच्या आडतीवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या हमालाकाकांकडे जाऊन बस. त्यांना विचार, इतकी वर्षं कट्टे उचलून कंबर शाबूत कशी ठेवली. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, ओझं अंगाजवळ धरायचं, उचलून धरलेलं असताना कंबर पिरगळायची नाही, हे तुला ट्रेनिंगमध्येही सांगतील, पण काका करून दाखवतील. फरक एवढाच की त्यांना ताठ उभं राहता येतं. एअरबस ३२० च्या पोटात उंची जेमतेम सव्वा मीटर असते. तिथे गुडघ्यांवर बसून बॅगा सरकवायच्या असतात, आणि एकेक बॅग ३२ किलोपर्यंत असू शकते. गुडघ्याचे पॅड दिले तर लाजू नकोस, नाही दिले तर विकत घे. कानावरचे मफ काढून फिरणारे जुने लोक दिसतील, त्यांची नक्कल करू नकोस. ऐकू कमी येतं हे त्यांना उशिरा कळतं. विमान येऊन थांबलं तरी पोटाखालचा लाल दिवा लुकलुकतोय तोवर जवळ जायचं नाही. जमिनीवर पडलेली चेनची कडी किंवा बॅगेचा टॅगसुद्धा उचलून खिशात टाकायचा, इंजिन तो आत ओढून घेतं.

आणि पावसाळा. तू लातूरचा, तुला टँकर माहीत. पनवेलकडचा जुलै म्हणजे काय ते तिथे गेल्यावरच कळेल. बुटांचे दोन जोड ठेव.

आता मूळ गोष्ट. सगळ्या गावाला सांगत सुटण्याची गरज नाही. फ्लेक्सवाल्या मित्रांनाही नको, तो फ्लेक्स पावसात आपोआप फाटेल. सांगायचंय फक्त अण्णांना, तेही निघायच्या आधी आणि फोनवर नाही. समोर बसून 'अण्णा, मला काहीतरी सांगायचंय' असं म्हणालास तर तुझा घसा दाटेल आणि त्यांना वाटेल तू काहीतरी करून बसलायस. त्यापेक्षा त्यांना काम दे. नियुक्तिपत्र त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, अण्णा, हातात किती येतील ते जरा काढून द्या.

ते मुनीम आहेत, त्यांना हे आवडेल. मूळ पगार समजा १५ हजार धरला तर भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे १,८०० गेले. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, दीडशेच्या वर थोडे. व्यवसाय कर २००. हातात १८,८०० च्या आसपास राहतात. पण २१ हजारांत कंपनीनं स्वतःचाही वाटा धरलाय का, हे कागद बघूनच कळेल आणि ते अण्णांनाच नीट दिसेल. ईएसआयचं कार्ड निघालं की त्यात तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचारांची सोय असते, हेही त्यांना दाखव. तीन वर्षांनी करार संपल्यावर काय, हा प्रश्न ते तुझ्याआधी विचारतील. तू माथाडी मंडळाचा कामगार नाहीस, तुझा आधार म्हणजे हा कागदच, तेव्हा तो ओळ न् ओळ वाचलेला बरा.

नांदेड-पनवेल गाडी लातूरवरूनच जाते. आरक्षण कर, आणि अण्णा येतो म्हणाले तर दोघांचं कर.

पत्र वाचताना ते चष्मा लावतील, बोट ठेवून एकेक ओळ खाली येतील. आकड्यांच्या आधी पदाचं नाव येतं. तिथे बोट थांबेल आणि ते विचारतील, हँडीमन म्हणजे काय रे?

तेव्हा मराठीत सांग.

— मावशी