नवा कॅमेरा की जुना? ताई, आधी हॉलवर काय लागतं ते बघू

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा तुमच्या बाजूनं आणि एकदा पोराच्या बाजूनं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गडहिंग्लजजवळच्या गावात यांची पिठाची गिरणी आहे. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन सीझन एका लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली जातोय, दिवसाला बाराशे मिळतात. आता त्याला स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्यात. त्याला हवाय सोनीचा नवा एफएक्स ३०, लेन्स-बॅटऱ्या धरून दुकानदारानं पावणेतीन लाखांचं कोटेशन दिलंय. वडिलांचं म्हणणं, कोल्हापुरात एकजण सोनीचा जुना ए सेव्हन थ्री विकतोय, नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय, नव्वद हजाराला, तो घे. घरात तीन लाखांची एफडी आहे आणि ती मोडायची तर सही ताईंची लागणार. आणि ताईंचा प्रश्न असा की, आमची चक्की पण जुनीच घेतलेली, चौदा वर्षं झाली अजून चालतीय, मग कॅमेरा जुना घेतला तर बिघडलं कुठं?

चक्कीवरनंच सुरू करू. तुमच्या चक्कीचा दगड झिजला की पीठ जाडं पडतं, मोटार खराब व्हायला लागली की आवाज येतो, वास येतो. म्हणजे ती सांगून बिघडते. दगडाला टाकी लावून घेतली, मोटार रिवाइंडिंगला दिली की दुसऱ्या दिवशी परत चालू, आणि तोवर गिऱ्हाईक डबा ठेवून जातं, उद्या नेतो म्हणतं. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो बाहेरून चकाचक दिसतो आणि आत सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, गेलेला असतो, आणि बिघडायचा नेमका मंगलाष्टकं चालू असताना. नवरीच्या बापाला आपण उद्या या असं म्हणू शकत नाही. त्यामुळं जुना घ्यायला माझी ना नाही, उलट या पोराच्या बाबतीत मी जुनाच म्हणतोय, पण चक्की बघून घेतली तसा बघून चालणार नाही.

आधी नव्याचं बोलू, कारण पोराचं मन तिकडं अडकलंय. एफएक्स ३० वाईट कॅमेरा नाही, २०२२ साली आलाय, आत पंखा आहे त्यामुळं तापून बंद पडायची भीती कमी, आणि व्हिडिओ १० बिटचा देतो. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ छटा आणि १० बिटमध्ये १०२४, म्हणून हळदीचा पिवळा, शालूचा जांभळा नंतर कॉम्प्युटरवर ओढाताण केली तरी फाटत नाही. हे सगळं खरं. पण त्याला मेकॅनिकल शटर, म्हणजे फोटोच्या क्षणी उघडझाप करणारा पडदाच नाही, म्हणजे फ्लॅश लावून फोटो काढायला तो कामाचा नाही. आता तुमच्या भागात कुणाची ऑर्डर नुसत्या व्हिडिओची असते हो? "फोटो पण तुम्हीच घ्या की" असं म्हणणारीच माणसं जास्त. स्टेजवर पाहुणे आहेराला रांगेनं उभे, मागनं एलईडी वॉलचा उजेड, आणि पोराकडं फ्लॅश न चालणारा पावणेतीन लाखांचा कॅमेरा, मग फोटोसाठी दुसरा माणूस बोलवायचा आणि पहिल्या ऑर्डरीतलं उरलंसुरलं त्याला द्यायचं. सिनेमॅटिक करणाऱ्या मोठ्या टीममध्ये चार माणसं असतात, तिथं हा कॅमेरा शोभतो. एकट्या पोराला, सुरुवातीला, नाही.

आता वडिलांनी शोधलेला. ए सेव्हन थ्री २०१८ चा. फोटोला झकास, फ्लॅश चालतो, दोन कार्डं बसतात, बॅटरी भरपूर टिकते. खोट म्हणाल तर दोन आहेत. व्हिडिओ ८ बिटचा, आणि सलग २९ मिनिटांच्या वर रेकॉर्ड करत नाही, बंद होतो, परत बटण दाबावं लागतं. पहिल्या खोटीनं सध्या काही अडत नाही, कारण गिऱ्हाईक पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघणार, तिथं आत्याबाई दिसली का नाही यावरून भांडण होतं, बिटवरून नाही. दुसरी खोट मात्र पोराला पाठ पाहिजे. शाळेचं गॅदरिंग, कीर्तन, लांबलेलं भाषण असल्या कामाला मध्येच बंद पडला आणि लक्ष नसलं तर गेलं. असल्या कामाला, ज्याच्या हाताखाली तो शिकतोय त्या उस्तादाचा जुना कॅमकॉर्डर एका दिवसापुरता भाड्यानं मागावा. सीझन सोडून कुणी नाही म्हणत नाही.

तर माझं मत, हा कॅमेरा घ्या, पण मी सांगतो तसा तपासून, आणि तपासू दिला नाही तर उठून या.

तपासायला पोरानं स्वतःची लेन्स, स्वतःचं कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन जावं, उस्ताद देईल एक दिवसासाठी. लेन्स लावून वर झाकण घालायचं, आयएसओ (कमी उजेडात टिपायची ताकद) वाढवायचा आणि मिनिटभर काळोख रेकॉर्ड करायचा. मग लेन्सचं भोक बारीक करून, एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो. काळोखात एकदोन रंगीत ठिपके जुन्या सेन्सरवर असू शकतात, पण दोन्हीपैकी कशातही आडवी-उभी रेघ दिसली तर तो कॅमेरा बहुतेक लेझरनं भाजलेला आहे असं समजायचं. धूळ असेल तर काळपट डाग दिसतात, ती साफ होते, तिला घाबरू नका.

हा लेझरचा विषय जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं हेच जास्त होतं. वरातीत, हळदीला, गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवाल्याचे लेझर असतात. त्यांनी माणसाच्या डोळ्याला इजा होते हे आता सगळ्यांना माहिती झालंय, पण कॅमेऱ्याचा सेन्सर पण एक डोळाच आहे आणि किरण सरळ लेन्समध्ये घुसला तर क्षणात रेघ पडते, कायमची. सेन्सर बदलायचा खर्च ऐकला तर दुसरा जुना कॅमेरा घेतलेला परवडला असं वाटतं, म्हणून लोक दुरुस्त न करता विकून टाकतात. माझ्या भाच्यानं असाच एक घेतला होता. दुकानात, दिवसा, उजेडात बघितला, सगळं छान. पहिल्याच लग्नात, रात्री, काळ्या शेरवानीवर एक बारीक हिरवी रेघ! नवरदेव हलला तरी रेघ तिथंच. त्यानं मिक्सिंगवाल्याकडं, म्हणजे एडिटिंग करणाऱ्याकडं, बसून दोन रात्री ती झाकायचा प्रयत्न केला, शेवटी निम्मे पैसे सोडून दिले. विकणारा म्हणाला, देताना तर चांगला होता की. आता काय बोलणार.

बाकीचं पटापट सांगतो. दोन्ही कार्डांच्या खाचा चालवून बघायच्या. ४के (जास्त बारकाव्याचा व्हिडिओ) लावून सलग २५ मिनिटं रेकॉर्डिंग लावायचं आणि तोवर विकणाऱ्याशी गप्पा मारायच्या, कॅमेरा तापून बंद पडतोय का ते त्या वेळात कळतं. माइक आणि हेडफोन लावून आवाज ऐकायचा, खरखर नको. टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय केबलचं भोक या मॉडेलला बारकं असतं, केबल लावून थोडी हलवून बघायची, चित्र जात असेल तर हॉलच्या बाहेर लावलेल्या एलईडी स्क्रीनवर लाइव्ह देताना तुमची फजिती होणार. मेन्यू उघडून भाषा बघा, फक्त जपानी असली तर तो जपानच्या बाजारातला माल आहे, सोडून द्या. आणि पाल (सेकंदाला २५-५० फ्रेम) आणि एनटीएससी (३०-६०) हे दोन्ही पर्याय आहेत का बघा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, २५ किंवा ५० फ्रेमवर शूट केलं नाही तर हॉलच्या ट्यूबलाइट चित्रात लुकलुकतात. बिलावरचा सिरीयल नंबर आणि बॉडीच्या खालचा नंबर एकच पाहिजे. बिल हरवलंय म्हणाला तर भाव करू नका, सरळ निघा, चोरीचा निघाला तर पोलिस तुमच्या दारात येणार.

नव्वद हजार हा त्याचा पहिला आकडा आहे, शेवटचा नाही. पावसाळ्यात मागणी कमी असते तेव्हा बोलणी करा, तुळशीचं लग्न जवळ आलं की तोच माणूस तोंड फिरवून बसेल.

आता एफडीचं. तीन लाख सगळे मोडू नका. बॉडी सोडून पोराला लागणार २८-७५ मिलिमीटरसारखी एक झूम लेन्स, ती पण जुनी चालेल फक्त आत बुरशी नको, एक फ्लॅश, कॉलरचा वायरलेस माइक, तीन बॅटऱ्या, चांगली कार्डं आणि दोन हार्डडिस्क. कार्ड, बॅटरी, हार्डडिस्क मात्र नवीनच, तिथं काटकसर नको. ४के चं शूटिंग १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी खातं, चार तासांचं झालं की १८० जीबी, आणि ते दोन ठिकाणी ठेवायचं, एडिटिंग झालं तरी गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन जाईपर्यंत पुसायचं नाही. हे सगळं मिळून पाऊणएक लाख धरा. म्हणजे दीड-पावणेदोन लाखांत गाडी रुळावर येते आणि उरलेली एफडी तुमच्या नावावर शाबूत राहते. त्यातून उद्या कॅमेरा बिघडला तर दुरुस्ती होईल, चक्कीची मोटार गेली तर ती पण होईल.

मुलगा म्हणेल मुद्रा लोन काढतो, नवीनच घेतो. काढता येतं, शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत. बँक दुकानाचं कोटेशन मागते, म्हणून नव्याला कर्ज मिळणं सोपं आणि जुन्याला अवघड. पण सोपं मिळतंय म्हणून हप्ता अंगावर घ्यायचा का? हप्ता दर महिन्याला येतो, लग्नं तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत असतात. मधले चार महिने बारसं आणि वाढदिवस यांच्यावर काढायचे असतात. पुढं कधी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली, जीएसटी नंबर घ्यावा लागला, तेव्हा नव्या कॅमेऱ्याच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी वळता करता येतो, तेव्हा नवा घेण्यात हिशोब आहे. आत्ता तो कर नुसता खिशातून जाणार.

एक अट मात्र मी घातली असती. पैसे द्यायच्या आधी पोराला सांगा, स्वतःच्या नावावर तीन ऑर्डरी आण, तोंडी नाही, ॲडव्हान्स घेतलेल्या. दोन सीझन हाताखाली काढलेत म्हणजे ओळखी असणार. तीन मिळाल्या तर कॅमेरा घ्या. नाही मिळाल्या तर अजून एक सीझन उस्तादाकडं काढू दे, फक्त या वेळी वायरी गोळा करायला नाही, मिक्सिंगला शेजारी बसायला सांगा. शूटिंग करणारे गावोगावी झालेत, पण नीट मिक्सिंग करणारा पटकन सापडत नाही.

आणि बी.कॉम. सोडू देऊ नका, तो सोडायचं म्हणतोय असं तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय, मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे सिनेमा-टीव्ही शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, टेलिव्हिजन विभागाचे एक वर्षाचे कोर्स आहेत, त्यात इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफी आहे, व्हिडिओ एडिटिंग आहे, पण तिथं पदवी लागते. तिथलेच लहान मुदतीचे कोर्सही असतात, त्याला सुट्टीत एखादा करू दे.

त्यानं तुम्हाला सुनावलं म्हणे, की कोल्हापूरचा माणूस कॅमेऱ्यात मागं राहत नाही. बरोबर आहे त्याचं. कोल्हापुरात 'खरी कॉर्नर' नावाच्या चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ उगाच नाही उभा केलेला, मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा स्वतः बनवला, सहकारी दामल्यांना बरोबर घेऊन. त्याला म्हणावं, तू बनवू नको बाबा, पण जो घेशील त्याचा मेन्यू अंधारात बोटानं चालवता आला पाहिजे.

कोल्हापूरला जाल तेव्हा तुम्ही पण बरोबर जा. पोराचं लक्ष कॅमेऱ्यावर असणार, वडिलांचं भावावर. तुम्ही ती काळोखाची क्लिप आणि भिंतीचा फोटो तिथंच कॉम्प्युटरवर मोठा करून मागा, कॅमेऱ्याच्या बारक्या पडद्यावर दाखवला तर बघू नका. पिठातला खडा तुम्हाला चिमटीत कळतो, स्क्रीनवरची रेघ पण दिसेल.